हाड बसलं आहे

३ मार्च, सोमवार

आधी एक दुरुस्ती. शनिवारी मी लिहिलं की 'आत्यानं शिंपीणकाकूंचं कार्ड नीट वाचलंच नाही.' हे खोटं आहे. आत्यानं वाचलं होतं. आज कपाटातून कार्ड काढून बघितलं. १८ नोव्हेंबर, माझ्या अक्षरात — 'हाड बसलं आहे.' शेजारी आत्याची लाल पेन्सिलीची बरोबरची खूण.

चूक वाचण्यात नव्हती, लिहिण्यात होती. मला म्हणायचं होतं, हाड खाली बसलं आहे. भिंत बसते तसं. खचलंय. आत्यानं वाचलं, हाड नीट बसलं आहे, इम्प्लांट घट्ट धरलंय. आमच्या दवाखान्यात तो शब्द पहिल्यापासून याच अर्थानं चालतो. खुंटी (आत्या इम्प्लांटला खुंटीच म्हणते) हिरडीखाली हाडात रोवायची, तीन-चार महिने थांबायचं, मग एक्स-रेची फिल्म काढायची, आणि हाड खुंटीच्या मळसूत्राला बिलगलेलं दिसलं की कार्डावर लिहायचं, 'हाड बसलं.' अक्षरओळख नव्हती तेव्हापासून मी हे ऐकत आले आहे.

खूण करून आत्यानं काकूंना सांगितलं, आता वर्षानं या. काकू आनंदानं गेल्या.

बसणं. घसा बसतो, दही बसतं, भिंत बसते, हात बसतो. एवढे शब्द होते आणि मला हाच सापडला!

४ मार्च, मंगळवार

दुपारी पेशंट नव्हते. मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. याच टेबलावर आत्यानं मला शाळेच्या आधी शिकवलं. मोजायला प्लॅस्टरचे दात, वाचायला पेशंटची कार्डं. आत्या खिडकीशी एक्स-रेची फिल्म धरायची आणि विचारायची, "सांग, काय दिसतंय?" मी सांगायची, झाडाची मुळं. ती म्हणायची, मुळं बरोबर, झाड चूक. शाळेत गेले तेव्हा मला बत्तीसचा पाढा येत होता आणि सातचा येत नव्हता.

आता मी तिच्याच दवाखान्यात डॉक्टर आहे, दोन वर्षं होतील. ती अजून तसंच विचारते. सांग, काय दिसतंय. मी अजून तशीच घाबरते.

शिंपीणकाकूंबद्दल नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढं मला फिरवता येणार नाही. आमच्या घराचे सगळ्यांचे कपडे त्या शिवत आल्या, माझा पहिला पांढरा कोटसुद्धा. दीड वर्षापूर्वी दुकानाच्या पायरीवर पडल्या आणि वरचा पुढचा दात मुळापासून गेला. तेव्हापासून हसताना तोंडावर हात. आत्यानं खुंटी बसवली. गेल्या जुलैत तिच्यावर दात चढवला. तो मी चढवला. आरशात बघून काकू हसल्या, हात न लावता, आणि मग आरसा सोडेचनात. आत्या म्हणाली, अहो, आरसा दवाखान्याचा आहे.

नोव्हेंबरात तपासणीला आल्या, चार महिन्यांनी. फिल्मवर हाड मळसूत्राच्या दुसऱ्या आट्यापर्यंत उतरलेलं होतं. पहिल्या वर्षी थोडं उतरतंच, ते मान्य. पण चार महिन्यांत दोन आटे!

हिरडीचं पण लिहिते. खऱ्या दाताला हिरडी तंतूंनी शिवलेली असते, मुळात घुसलेले टाके असतात. खुंटीला तसं काही नाही. तिथं हिरडी नुसती आवळून बसते, नेफ्यात नाडी ओढल्यासारखी. एखादा कण खाली सरकला तर त्याला अडवणारं कोणी नाही. आणि दाताभोवती असते ती मऊ गादीही खुंटीला नाही, हाड आणि धातू थेट एकमेकांना. म्हणून आत काही बिघडलं तरी दुखत नाही. पेशंट तक्रार घेऊन येतच नाही.

हेच मला छळतं आहे. काकूंना काही दुखत नसणार.

५ मार्च, बुधवार

काकूंना फोन करायला हवा होता. केला नाही. त्या कामात असतील असं स्वतःला सांगितलं.

६ मार्च, गुरुवार

कोटाचा खिसा निघाला होता. तेवढं निमित्त पुरलं. दुपारी दुकानात गेले.

जिन्याखालची खोली, दोन मशीन, उभा आरसा, इस्त्रीचं टेबल. काकू एका गिऱ्हाइकाच्या बाहीला माप लावत होत्या, ओठांत टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या की मी मोजकं बोलते, गिऱ्हाइकं त्यासाठीच येतात, असं त्या नेहमी सांगतात. आज सांगितलं नाही. बाई गेल्या तरी टाचण्या तोंडातच.

खिसा उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, फाटलेला नाही, उसवलाय. तुम्ही लोक दोन्हीला फाटलं म्हणता. मग मशीनवर घेतला, शिवण पुरी केली आणि दोरा तोडायला कात्री उचलली.

काकूंनी दोरा दातानं तोडलेलाच मी आयुष्यभर पाहिला आहे. चट् असा आवाज. म्हटलं, अरे वा, कात्री!

त्यांनी टाचण्या काढून एकेक करून उशीत खोचल्या.

"डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांनी बजावलं होतं, या दातानं दोरा तोडायचा नाही. आणि मी तोडत होते. जित्याची सवय गं. महिना झाला, दोऱ्याला लाल लागायला लागलंय. एका पांढऱ्या झबल्याला डाग पडला, तेव्हापासून कात्री. माझंच चुकलं बघ."

मी म्हणायला हवं होतं की दोरा तोडून हाड खचत नाही. धाग्याचा जोर तो केवढा!

मी म्हटलं, सोमवारी या, बघते.

निघताना त्या हसल्या. तोंडावर हात होता.

७ मार्च, शुक्रवार

उसवलं आणि फाटलं. दिवसभर डोक्यात तेच. माझं कुठलं?

१० मार्च, सोमवार

काकू अकराला आल्या. बारीक सळईनं मी दाताभोवती सहा ठिकाणी माप घेतलं. पुढच्या बाजूला तीन मिलिमीटर, कडेला चार, आतल्या बाजूला सळई सरकली ती सरकलीच. सहा. बाहेर काढली तर टोकाला रक्त. बोटानं हिरडी हलकेच दाबली, पुवाचा थेंब आला. विचारलं, दुखतंय? त्या म्हणाल्या, छे. हा दात मुका आहे. दोरा त्याच्याखाली आला तरी याला पत्ता नसतो, शेजारचाच सांगतो.

फिल्म काढली. आत्या आली. फिल्म नेहमीसारखी खिडकीशी धरली, हात लांब करून.

"सांग, काय दिसतंय?"

मी सांगितलं. हाड चौथ्या आट्यापर्यंत उतरलंय. खुंटीभोवती वाटीसारखा खड्डा. आणि मळसूत्राच्या मानेशी, आतल्या बाजूला, एक पांढरा ठिपका.

"कुठं?"

मी बोट ठेवलं. आत्या बराच वेळ बघत राहिली, ठिपक्याकडे नाही, माझ्या बोटाकडे. मग म्हणाली, फिल्मचा डाग असेल. आणि खुर्चीकडे वळून, काकू, दोरा तोडता का अजून?

काकू म्हणाल्या, तोडत होते हो, आता बंद केलं.

"बघा. मी सांगितलं होतं."

काकूंनी मान खाली घातली. साठीची बाई, शाळेतल्या मुलीसारखी. मी ट्रे धुवायला वळले. स्वच्छ होता तो, तरी धुतला.

हिरडीत औषध भरलं, आठ दिवस चूळ भरायचं औषध दिलं. ते ठिपक्याला काही करणार नाही. मला माहीत आहे तो काय आहे.

११ मार्च, मंगळवार

दुसरी दुरुस्ती. ही लिहायला दोनदा पेन उचलला आणि ठेवला.

३ तारखेला मी लिहिलं की शब्द चुकून वापरला गेला. तो चुकून वापरला गेला नाही. आज कार्ड उजेडात तिरकं धरलं. 'हाड बसलं आहे'च्या आधी खोडलेलं दिसतं. 'हाड दोन आ' एवढं. मी 'हाड दोन आटे खाली गेलं' असं लिहायला घेतलं होतं. थांबले. खोडलं. मग घरातला तो शब्द लिहिला.

त्याला दोन तोंडं आहेत हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं. मी कार्डाशी खोटं बोलले नाही आणि आत्याला खरंही कळलं नाही, अशी सोय त्या शब्दानं करून दिली. लाल खूण बघून मला बरं वाटलं होतं. तेही लिहून ठेवते.

बाबा जेवताना म्हणाले, तुझा चेहरा असा का, स्वतःचाच दात उपटल्यासारखा? आत्या म्हणाली, शंकासूर आहे ती, तिला कसली तरी शंका आली असेल. सगळे हसले. मी पण.

१२ मार्च, बुधवार

आज एक सोपा दात काढायचा होता. अंगठ्याला घाम. पेशंटनं मला धीर दिला.

१३ मार्च, गुरुवार

आता जुलै. हे मी तेव्हाही लिहिलं नव्हतं. तेव्हाची नोंद काढून बघितली. तिथं फक्त आहे, 'काकूंचा दात चढवला, खूश!'

दात खुंटीवर सिमेंटनं चिकटवतात. दाबताना जास्तीचं सिमेंट कडेनं बाहेर येतं, थोडं हिरडीखाली सरकतं. खऱ्या दाताला टाके ते अडवतात. खुंटीला नेफा! आत गेलेलं सगळं काढावं लागतं. राहिलं तर हिरडी सुजते, आणि सुजेपासून लांब जायचं म्हणून हाड मागं मागं सरकतं. आत्याचा नियम आहे: चारही बाजूंनी दातांचा दोरा (फ्लॉस) फिरव, मग फिल्म काढ, फिल्म बघ, मगच पेशंट खुर्चीतून उठेल. हा नियम मला तिनं पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता.

त्या दिवशी आत्या बाहेर गेली होती. काकूंच्या दुकानात कोणीतरी ट्रायलला यायचं होतं, त्यांची चुळबुळ चालली होती. मी दोरा फिरवला. आतल्या बाजूला तो अडकला. ओढला, तर पिंजून निघाला. मी म्हटलं, दाताची कड असेल.

काकूंनी ट्रेमधून तो दोरा उचलला. दोन बोटांत फिरवला. "हा कडेनं कापलेला नाही गं," त्या म्हणाल्या. "हा फुललाय. खाली काहीतरी खरबरीत आहे. सुई गंजली की असा होतो."

पन्नास वर्षं दोरा हाताळणारी बाई! आणि मी काय म्हटलं? म्हटलं, काकू, हे तुमचं मशीन नव्हे. आणि हसले. त्याही हसल्या, नवा दात दाखवून. फिल्म राहिली. 'नंतर' असं म्हटलं आणि ती नोव्हेंबरात निघाली.

म्हणजे मला तेव्हाच सांगितलं गेलं होतं. चूक दाखवणारीला मी गप्प केलं, आणि आता तीच म्हणते, माझंच चुकलं.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी सांगणार होते. आत्या एका आजोबांची कवळी बसवत होती, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपून. तिचं ते काम बघत उभी राहिले आणि वेळ गेला. दुपारी सांगणार होते. दुपारी तिनं मला टाके घालायला बोलावलं. वर्षभर टाके मीच घालते. "तुझा हात बसू दे," म्हणते. तिला माझ्यावर एवढा भरवसा आहे आणि मी तिला काय सांगणार आहे!

टाके सरळ आले. निदान तेवढं.

१५ मार्च, शनिवार

सांगितलं.

दवाखाना बंद करून आत्या मागच्या खोलीत चहा घेत होती. मी कार्ड आणि दोन्ही फिल्म तिच्यापुढं ठेवल्या. उभ्यानंच बोलले, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं. शब्दाचं सांगितलं. खोडलेलं दाखवलं. दोऱ्याचं सांगितलं, काकूंनी जे म्हटलं ते जसंच्या तसं. ठिपका फिल्मचा डाग नाही, सिमेंट आहे, माझं आहे, असंही सांगितलं. म्हटलं, हिरडी उघडून काढावं लागेल. लवकर काढलं तर उरलेलं हाड राहील. गेलेलं येईल की नाही, सांगता येत नाही. राहिलं आत तर खुंटी हलायला लागेल आणि काकूंचा दात दुसऱ्यांदा जाईल.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडणं मला पेललं असतं.

तिनं नोव्हेंबरची फिल्म उचलली. दिव्याकडे धरली. परत ठेवली. कार्ड हातात घेतलं आणि खोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, जणू ते हाताला लागेल.

"त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, काय दिसतंय. तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं, हाड बसलंय असं म्हटलं होतं.

"तोंडानंही तेच?"

हो.

चहावर साय आली. मी विचारलं, रागावलीस का? ती म्हणाली, जा तू घरी. सोमवारी बोलू. आणि मी दारात पोचले तेव्हा म्हणाली, दिवा असू दे.

दिवा मी बंद करायला निघालेच नव्हते.

१६ मार्च, रविवार

ती जेवायला वरून खाली आली नाही. डोकं दुखतंय असा निरोप. बाबा विचारत होते, दोघींचं काही वाजलंय का? नाही म्हटलं. वाजलं असतं तर बरं झालं असतं.

काकूंना कोण सांगणार? आत्यानं सांगितलं तर ते दवाखान्याचं सांगणं होईल, गोड आणि गोल. मी सांगितलं तर त्या कदाचित परत माझ्यापुढं तोंड उघडणार नाहीत. उघडू नयेच. पण सिमेंट काढायला तोंड उघडायला हवं. ते आत्यानं काढावं. तिचा हात सोन्यासारखा आहे. मी ट्रे धरीन.

१७ मार्च, सोमवार

आत्याला दिसत नाही.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग आहे, सव्वा वर्ष झालं. "जिथं बघावं तेवढंच दिसत नाही. कडेचं सगळं दिसतं." बाबांनाही माहीत नाही. म्हणून टाके माझ्याकडे. म्हणून फिल्म खिडकीशी धरून — सांग, काय दिसतंय. मला वाटायचं लहानपणीसारखी परीक्षा घेते आहे. ती विचारत होती.

ती म्हणाली, "तुला खरं सांगायची सवय आहे म्हणून मी निभावून नेत होते."

सव्वा वर्षातली सगळी कार्डं बाहेर काढली आहेत. सगळ्या फिल्म पुन्हा बघणार, जिथं जिथं 'बसलं' लिहिलंय तिथं आटे मोजून आकडा लिहिणार. तोवर नवी खुंटी नाही, हे दोघींचं ठरलं. बाबांना ती आज सांगते आहे.

काकूंची हिरडी मीच उघडायची. दुसरा हात नाही. त्याआधी त्यांच्या दुकानात जाऊन सांगायचं: दोऱ्यामुळे नाही, माझ्यामुळे, तुम्ही जुलैत सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मग दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हणाल्या तर फिल्म घेऊन सोबत जाईन. माझ्याकडेच म्हणाल्या तर त्याच दिवशी अकराला.

जायचं गुरुवारी, २० मार्चला. सकाळी साडेनऊ, दुकान उघडताना, त्यांनी तोंडात टाचण्या घ्यायच्या आत.